गोव्याने १९१० हे साल मोजायला हवं

गोव्याचा अर्वाचीन इतिहास आपण चार-पाच सालांवर उभा करतो. १५१० साली पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्क आला. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. लोहियांनी सभाबंदी मोडली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, जानेवारी १९६७ मध्ये महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर जनमत कौल झाला आणि ३० मे १९८७ रोजी घटकराज्य मिळालं. यांतल्या शेवटच्या टप्प्यांवरून आपल्या घरांतही अजून हमरीतुमरी होते. १९१० मात्र या मोजणीत येत नाही. आलं तरी ‘पोर्तुगालमध्ये राजेशाही संपली’ या एका ओळीत आटपतं.

मला वाटतं, हा फार मोठा तोटा आहे. कायद्याने दिलेला हक्क आणि समाजाने उचललेला हक्क यांत किती अंतर असतं, हे गोव्याच्या बाबतीत १९१० इतकं स्पष्ट दुसरं कुठलंच साल दाखवत नाही. त्या सालाने गोव्याला दोन गोष्टी दिल्या: धर्म न पाहणारं नागरिकत्व आणि कुटुंबाच्या कायद्यात बाईला बरोबरी. एक आपण दोन्ही हातांनी घेतली, दुसरी अजून कपाटात आहे. आज सगळा देश समान नागरी कायद्याच्या चर्चेत गोव्याकडे बोट दाखवतो, तेव्हा तो या दुसऱ्या, न वापरलेल्या देणगीबद्दल बोलत असतो.

आधी ते साल नीट पाहू. १९१० च्या एप्रिल-मे महिन्यांत आकाशात हॅलेचा धूमकेतू होता. ६ मे रोजी इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड वारला. ८ जुलैला मार्सेय बंदरात सावरकरांनी बोटीतून समुद्रात उडी घेतली. ती प्रत्येक मराठी मुलाला पाठ आहे. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारने वृत्तपत्रांचा कायदा केला. त्याने छापखान्यांकडून आगाऊ अनामत मागायची आणि मजकूर पसंत पडला नाही तर ती जप्त करायची मुभा सरकारला मिळाली. मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी इम्पीरियल कौन्सिलमध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. सरकारने तो गोड बोलून बाजूला ठेवला. पुढच्या वर्षी गोखल्यांनी विधेयक आणलं आणि १९१२ मध्ये ते मतदानात पडलं. शोधांच्या बाबतीतही ते वर्ष भाग्याचं होतं. गुप्तरोगावर एर्लिकचं साल्व्हर्सान बाजारात आलं, फ्रान्समध्ये आंरी फाब्रने पाण्यावरून विमान उडवलं आणि डिसेंबरात पॅरिसच्या मोटारींच्या प्रदर्शनात जॉर्ज क्लोदचे निऑनचे दिवे लागले. पण माझं लक्ष राहतं ते वृत्तपत्रांच्या कायद्यावर आणि गोखल्यांच्या ठरावावर. मुंबई-पुण्यात मराठी माणसाच्या लेखणीवर आणि शाळेवर गदा येत होती, त्याच वर्षी सह्याद्रीच्या खाली, एका दुसऱ्या परकीय सत्तेच्या मुलखात, मराठी माणसाला लिहायची आणि शाळा काढायची वाट मोकळी झाली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ही दोन पानं कधी शेजारी येत नाहीत, कारण एक महाराष्ट्राचं आणि दुसरं गोव्याचं असं आपण ठरवून टाकलं आहे.

लिस्बनमध्ये घडलं ते झपाट्याने घडलं. ३ ऑक्टोबरला मिगेल बोंबार्दा या प्रजासत्ताकवादी डॉक्टरचा त्याच्याच एका रुग्णाने खून केला. त्या रात्री उठाव सुरू झाला, युद्धनौकांनी राजवाड्यावर तोफा डागल्या आणि ५ ऑक्टोबरच्या सकाळी प्रजासत्ताकाची घोषणा झाली. वीस वर्षांचा राजा दुसरा मानुएल एरिसैरा या कोळ्यांच्या गावातून बोटीने जिब्राल्टरला निघून गेला. हंगामी सरकारचा प्रमुख झाला तेओफिलो ब्रागा. तो साहित्याचा इतिहासकार होता. कायदेमंत्री आफोन्सो कोस्ता याने पुढच्या काही महिन्यांत कायद्यांचा सपाटा लावला. ३ नोव्हेंबरला घटस्फोटाचा कायदा आला, २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, विवाह आणि कुटुंबाचे कायदे आले आणि २० एप्रिल १९११ ला धर्म आणि राज्यसंस्था वेगळी करणारा कायदा आला. १८२६ च्या सनदेने कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म ठरवला होता. ते संपलं.

या कायद्याच्या भाषेत ज्यांना जागा नव्हती, त्यांनी ती कशी काढली याचं एक उदाहरण लिस्बनमधलंच आहे. मताधिकार ‘साक्षर किंवा कुटुंबप्रमुख’ नागरिकांना होता. तो पुरुषच असला पाहिजे असं लिहायचं राहून गेलं होतं. कारोलिना बेआत्रिझ आंजेलो ही डॉक्टर विधवा होती, मुलीची पालक होती, म्हणजे कुटुंबप्रमुख होती. ती कोर्टात गेली, जिंकली आणि २८ मे १९११ ला तिने मतदान केलं. पोर्तुगालमधली मत देणारी ती पहिली बाई. काही महिन्यांतच ती वारली, आणि १९१३ मध्ये प्रजासत्ताकाने कायद्यात ‘पुरुष’ हा शब्द घालून ते दार बंद केलं. राज्य हक्क देतं, राज्यच काढून घेतं, आणि मधल्या काळात जो हक्क वापरतो त्याचाच तो इतिहासात उरतो. आंजेलोबाईंची ही गोष्ट मी गोव्याच्या संदर्भात सतत मनाशी धरून असते.

आता गोव्याकडे येऊ. जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बार्देस, सासष्टीत देवळं पाडली गेली आणि देव अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात आले, ही कथा सोळाव्या शतकातली. तीनशे वर्षांनंतरही हिंदू माणूस राज्याच्या लेखी दुय्यमच होता, कारण राज्याला एक अधिकृत धर्म होता आणि तो त्याचा नव्हता. १९१० ने ही चौकट मोडली. सरकारी नोकरी, प्रतिनिधित्व, संस्था काढणं, पत्र चालवणं यांतले धर्मावरचे अडथळे गेले. त्या वेळी आलेले प्रजासत्ताकाचे पहिले गव्हर्नर जनरल कोसैरो द कोस्ता यांच्याबद्दल जुन्या पिढीत कृतज्ञता होती ती त्यासाठी.

पण इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ ची आहे. घरोघरच्या मूठभर तांदळांतून मुलांच्या शिक्षणासाठी पैसा उभा करायची कल्पना लिस्बनमध्ये तोफ डागली जाण्याआधीची आहे. म्हणजे हक्क आला तेव्हा तो घ्यायला माणसं तयार बसली होती. फोंड्यात दादा वैद्य होते. रामचंद्र पांडुरंग वैद्य, पेशाने आयुर्वेदाचे वैद्य, स्वभावाने शिक्षक. १९११ मध्ये फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ उभं राहिलं. त्याच्या शाळेला आजही ए. जे. द आल्मेदा यांचं नाव आहे. हजारो मुलं त्या नावाच्या पाटीखालून गेली असतील. आंतोनियो जोझे द आल्मेदा हे १९१० च्या हंगामी सरकारातले गृहमंत्री. पुढे पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष झाले. अंत्रुज महालातल्या, देवळांच्या सावलीतल्या मराठी समाजाने आपल्या शाळेला एका पोर्तुगीज प्रजासत्ताकवाद्याचं नाव दिलं, यात मला लाचारी दिसत नाही. ज्या माणसांच्या राजकारणामुळे शाळा काढता आली, त्यांची ओळख त्यांनी पाटीवर ठेवली. ती पाटी वाचून मुलांना १९१० सांगायचं काम आपलं होतं, ते आपण केलं नाही.

पुढची दोन-तीन वर्षं पाहिली तर वेग थक्क करतो. केप्यातून गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी ‘भारत’ हे पत्र चालवायला घेतलं आणि त्यासाठी पुढे तुरुंगवास भोगले. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९११ मध्ये पोर्तुगीजमधून ‘ओ देबात’ काढलं. चांदोरच्या वाड्यातल्या या कॅथलिक घरातल्या माणसाने धर्मसत्तेवर आणि वसाहतीच्या कारभारावर जी टीका केली, तिला त्या काळात तोड नव्हती. गावोगाव वाचनालयं आली. देवळांच्या सेवेत जखडलेल्या कलावंत समाजातून राजाराम पैंगीणकरांसारखी माणसं उठली, शिक्षणाची चळवळ उभी राहिली आणि पुढे गोमंतक मराठा समाज संघटित झाला. मला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. उच्चवर्णीय हिंदूंना सरकारी खुर्ची मिळाली, ते ठीकच. पण ज्या बायकांना कुळाचार म्हणून देवाच्या दारात उभं केलं जायचं, त्यांच्या मुली शाळेत गेल्या. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ चा आणि याच समाजातला. त्यांनी खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा उघडल्या त्याची पाळंमुळं कुठे शोधायची, हे यावरून कळावं. प्रजासत्ताकानंतर बरोबर आठ आठवड्यांनी, ३० नोव्हेंबर १९१० ला, कवी बाळकृष्ण भगवंत बोरकर, म्हणजे बाकीबाब, जन्मले. पोर्तुगीज आणि मराठी दोन्ही शिकलेला, मराठीत आणि कोंकणीत सारखाच रमणारा बाकीबाब हे त्या पिढीचं अपत्य आहे.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती लपवायची नाही. प्रजासत्ताकाने राजा घालवला, साम्राज्य ठेवलं. १९१२ मध्ये सत्तरी तालुक्यात राणे सरदारांनी पुन्हा हत्यार उचललं आणि लिस्बनच्या नव्या, पुरोगामी सरकारने ते बंड जुन्या राजाइतक्याच कठोरपणे मोडलं. गावडे, कुणबी, मुंडकार यांच्या झोपडीपर्यंत ‘नागरिक’ हा शब्द पोचला नाही. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जागेवर ते राहत होते तसेच राहिले. मुंडकारांना कायद्याचं संरक्षण मिळालं ते मुक्तीनंतर. त्यामुळे १९१० ची आठवण काढणं म्हणजे पोर्तुगीजांचे गोडवे गाणं, असा आक्षेप कुणी घेतला तर मी त्याला सांगेन की पोर्तुगीजांनी दिलं ते मोजायचं नाही, आपल्या माणसांनी त्यातून काय उभं केलं ते मोजायचं आहे.

त्याचा पुरावा १९३० ने दिला. पोर्तुगालमधल्या १९२६ च्या लष्करी उठावानंतर हुकूमशहा सालाझारचा काळ आला आणि जुलै १९३० मध्ये वसाहत कायद्याने गोव्याच्या माणसाला पुन्हा खालच्या पायरीवर बसवलं. त्याच्या चार दिवस आधी, ४ जुलैला, मिनेझिस ब्रागांझांनी कौन्सिलमध्ये गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला. १९११ मध्ये ‘देबात’ काढणारा हाच माणूस. मग सेन्सॉर आला. लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी दाखवाव्या लागत. कागदावरचं प्रजासत्ताक गेलं. पण फोंड्याची शाळा गेली नाही, मुष्टिफंड गेला नाही, वाचनालयं गेली नाहीत. सोळा-सतरा वर्षांत जे उभं केलं, त्यावर पुढची तीस वर्षं समाज तग धरून राहिला, आणि १९४६ मध्ये लोहियांच्या सभेला जी माणसं आली त्यांतली कित्येक याच शाळांत आणि वाचनालयांत घडली होती.

ही झाली घेतलेली देणगी. दुसरी कपाटातली.

२५ डिसेंबर १९१० च्या कायद्याने लग्न हा नागरी करार ठरवला आणि पती-पत्नीचं नातं स्वातंत्र्य आणि समता यांवर उभं असल्याचं लिहिलं. ३ नोव्हेंबरच्या कायद्याने परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय केली. हे कायदे १९११ पासून गोव्यात आले. उरलेल्या भारतातल्या हिंदू बाईला परस्परसंमतीचा घटस्फोट मिळाला तो १९७६ मध्ये. वारसाहक्कात मुलगा-मुलगी सारखे हे तर त्याहून जुनं, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतलं, गोव्यात १८७० पासून लागू. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एक होते आणि निम्मा वाटा बायकोचा. तिच्या संमतीशिवाय स्थावर विकता येत नाही. वारस असताना आई-बापांना आपल्या हिश्शाच्या निम्म्याहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. १९६२ च्या कायद्याने हे सगळं भारतात आल्यावरही कायम राहिलं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशापुढे गोव्याचं उदाहरण ठेवलं. उत्तराखंडाने आपला कायदा केला तेव्हाही गोव्याचं नाव निघालंच.

कायद्यात दोष आहेत, ते आधी मान्य करते. १८८० च्या हुकुमाने हिंदू पुरुषाला बायको ठराविक वयापर्यंत निपुत्रिक राहिली तर दुसरी करायची सवलत दिली होती. कॅथलिक लग्नांसाठी १९४६ चा वेगळा हुकूम आहे. संयुक्त मालमत्तेचा कारभार जुन्या संहितेने नवऱ्याच्या हाती दिला. ‘समान’ म्हणताना या गोष्टी गिळून टाकू नयेत. पण माझी खरी तक्रार कायद्याच्या मजकुराशी नाही.

माझी तक्रार अंगणात काय होतं त्याच्याशी आहे. बाप गेला की बाराव्या-तेराव्यानंतर कधीतरी भाऊ कागद आणतो. पोफळीचं कुळागर आहे, माडांचं भाट आहे, घर आहे. बहिणीने नोटरीपुढे हक्कसोड करायची, तिच्या नवऱ्यानेही सही करायची. लग्नात सोनं दिलं, पहिल्या चवथीला (गणेशचतुर्थीला) वजें, म्हणजे माहेरची भेट, पाठवलं, आता वाटा कसला? बहीण सही करते, कारण चवथीला माहेरी यायचं असतं. सही नाही केली तर गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसायला तिला कोण बोलावणार? मी आमच्या नात्यागोत्यात या सह्या होताना पाहिल्या आहेत. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, बँकेत स्वतःच्या नावावर खातं असणाऱ्या बायका सह्या करतात. एकीलाही कुणी जबरदस्ती केलेली नसते. कायदा शाबूत आहे, सहीही कायदेशीर आहे, आणि दीडशे वर्षांची समानता एका दुपारी संपते.

लग्नाच्या नोंदणीचंही तेच. रजिस्ट्रारच्या कचेरीत पहिली सही होते, मग दुसरी. मधल्या काळात मुलीला कुणी सांगतं का, की आजपासून तुझ्या आणि त्याच्या मालमत्तेचं काय होणार? वेगळा करार करायचा असेल तर तो लग्नाआधी, नोंदणीकृत दस्त करून करावा लागतो आणि नंतर बदलता येत नाही, हे किती जोडप्यांना माहीत असतं? हॉल, भटजी, जेवणावळ यांची चौकशी महिनोन्महिने चालते. या प्रश्नाला पाच मिनिटं मिळत नाहीत.

दादा वैद्यांच्या पिढीला समान नागरिकत्व मिळालं तेव्हा तिने लगेच शाळा काढली, पत्र काढलं, देणग्या गोळा केल्या. बायकांना समान वारसा मिळाला तेव्हा तो वापरायला शिकवणारी संस्था कुणी काढली? मुष्टिफंड निघाला तसा काही या हक्कासाठी निघाला का? आपल्या मराठी समाजाने भाषेसाठी मोर्चे काढले, माध्यमासाठी काढले, राजभाषेसाठी काढले. मीही त्यांत चालले आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्याच मोर्चातल्या घरांत बहिणींच्या हक्कसोडीचे कागद फिरत होते. त्यावर कुणी घोषणा दिली नाही.

म्हणून समान नागरी कायद्याचा वाद दिल्लीत चालतो तेव्हा मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. कायदा आणा म्हणजे बाई मोकळी झाली असं म्हणणाऱ्यांनी फोंड्याला, डिचोलीला, काणकोणला येऊन नोटरीच्या बाकावर दिवसभर बसावं. कायद्याने काही होत नाही असं म्हणणाऱ्यांनी १९११ नंतरच्या शाळांची यादी वाचावी. कायदा लागतोच. पण त्याच्यामागे माणसं लागतात, आणि ती आपोआप येत नाहीत.

माझ्या मागण्या साध्या आहेत. गोव्याच्या शाळांत इतिहास शिकवताना १९१० ला स्वतंत्र धडा द्या. त्यात लिस्बनचा उठाव असू दे, मुष्टिफंड असू दे, दादा वैद्य, हेगडे देसाई, मिनेझिस ब्रागांझा, पैंगीणकर असू दे, सत्तरीचं बंडही असू दे, आणि कारोलिना आंजेलोही. तोच धडा पुढे नेऊन मुलांना सांगा की आई-बापाच्या मालमत्तेत मुलीचा वाटा किती आणि तो कुठल्या कायद्याने. दहावीतल्या मुलाला हे आजच कळलं तर पंधरा वर्षांनी तो बहिणीपुढे कागद ठेवताना निदान थबकेल. दुसरं, लग्नाच्या पहिल्या सहीच्या वेळी प्रत्येक जोडप्याच्या हाती मराठीत आणि कोंकणीत एक पान द्या. मालमत्तेच्या चार व्यवस्था, करार कधी करायचा, न केल्यास काय होतं, एवढंच त्यावर लिहा. तिसरं, हक्कसोडीचा दस्त करण्याआधी नोटरीने बहिणीला एकटीला बसवून तिच्या वाट्याची अंदाजे किंमत सांगायची आणि तसं दस्तात नोंदवायचं, अशी तरतूद गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यात करा. किंमत कळल्यावरही तिला सही करायची असेल तर खुशाल करू दे.

यासाठी सरकारचीच वाट पाहायला नको. आपल्या संस्थांना शंभराहून अधिक वर्षं झाली आहेत. त्यांच्याकडे इमारती आहेत, माजी विद्यार्थी आहेत, त्यांतले कित्येक वकील आहेत. महिन्यातून एका रविवारी सकाळी शाळेचा एक वर्ग उघडा ठेवायचा, दोन वकील बसवायचे, आणि गावातल्या बायकांना कागद घेऊन यायला सांगायचं. येत्या ५ ऑक्टोबरपासून हे फोंड्यात सुरू व्हावं असं मला वाटतं, आणि त्या वर्गात बाक लावायला मी येईन.